खांदा सोडवायला जावं तर पोट धरतं

खडू_डस्टर:

नमस्कार. आधी हकिगत, मग प्रश्न. कंटाळा आला तर थेट शेवटचा परिच्छेद वाचा.

मी ५२ वर्षांची, गणित शिकवते. आठ महिन्यांपूर्वी उजवा खांदा धरला. सुरुवातीला वाटलं, रात्री वेडीवाकडी झोपले असेन. मग फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात जाईना, मग पाठीमागे जाईना, आणि आता रात्री दोनला त्या कुशीवर वळलं की झोप उडते ती उडतेच. निदान फ्रोझन शोल्डर. डॉक्टर म्हणाले, दीड-दोन वर्षं लागू शकतात, पण बहुतेकांचा सुटतो. व्यायाम करायचे, आणि व्यायाम करता यावेत म्हणून दुखणं आटोक्यात ठेवायचं.

घोडं अडलंय ते इथं. मला वीस वर्षांचा आयबीएस आहे, म्हणजे आतड्याचा लहरीपणा. तीन दिवस दार बंद, चौथ्या दिवशी धावपळ. तास चालू असताना कळ आली की मी मुलांना चार आकडी गुणाकार घालते आणि वर्गाबाहेर पडते. (बाई कडक आहेत असा लौकिक आहे. असू दे.)

आतापर्यंतचे प्रयोग असे. आधी डायक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. खांद्याला चांगला आराम, पण सहाव्या दिवसापासून छातीच्या खालच्या टोकाला जळजळ, आठव्या दिवशी जुलाब. जोडीला आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल दिलं होतं, तेही घेत होते, जेवण झाल्यावर दोन्ही गोळ्या एकदमच. मग ट्रॅमाडॉल असलेली गोळी दिली. पहिल्याच रात्री घामाघूम, हातपाय थरथरत होते, मळमळ. दुसऱ्या दिवशीही घेतली, कारण खांदा शांत होता. त्यानंतर पाच दिवस पोट साफ नाही. गोळी बंद केली. पॅरासिटामॉलनं मला काही होत नाही. जेल चोळून झालं, वास तेवढा आला.

प्रश्न असा, की पोट नाजूक असलेली माणसं दुखण्याचं करतात काय? सहन करा हे उत्तर नको, ते घरातून मोफत मिळतंय.

बिनधास्त:

भरल्या पोटी घ्या, वर ग्लासभर पाणी प्या. मी दहा वर्षं डोकं दुखलं की आयबुप्रोफेन घेतोय, पोटाला कळतसुद्धा नाही. जास्त विचार केला की जास्त दुखतं.

जिन्यावरचा:

बिनधास्तराव, ‘पोटाला कळतसुद्धा नाही’ हे वाक्य मीही चार वर्षं म्हणत होतो. ते वाक्य खरंही होतं, आणि घोटाळा नेमका तोच होता. म्हणून लिहायला बसलोय, जरा लांबेल.

मला मणक्याचा संधिवात आहे, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. सकाळी उठलो की तासभर लाकूड. त्यासाठी नेप्रोक्सेन रोज चालू होतं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं. त्यातच डोकं दुखलं की मी आपल्या मनानं आयबुप्रोफेन घ्यायचो. एक डबी पाठीची, एक डोक्याची, असा माझा साधा हिशोब. दोन्ही गोळ्या एकाच जातीच्या आहेत, एकीवर दुसरी घेतली की आराम फारसा वाढत नाही, धोका मात्र वाढतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

एके दिवशी ऑफिसचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर धाप लागली. तिसऱ्यावर कठडा धरून उभा राहिलो. वय ४१. वाटलं हृदय. ईसीजी नीट निघाला, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.८. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, शौचाचा रंग कसा आहे? तेव्हा आठवलं, चार-पाच दिवस काळंकुट्ट, डांबरासारखं चिकट होत होतं, वासही विचित्र. मी म्हटलं असेल काहीतरी खाण्यातलं. दुर्बीण घातली, तर जठराच्या खालच्या भागात अल्सर, त्यातून रक्त झिरपत होतं. रक्त चढवावं लागलं. आणि एवढं सगळं होईपर्यंत पोट एकदाही दुखलं नव्हतं. नंतर डॉक्टर म्हणाले, या गोळ्यांच्या अल्सरचं हे नेहमीचं आहे. कित्येकदा पहिली खूण म्हणजे थेट रक्तस्रावच.

खडू_डस्टरताई, या हिशोबानं तुमचं कुरकुरणारं पोट माझ्या मुक्या पोटापेक्षा बरं म्हणायचं. पण कुरकुर नाही म्हणजे सगळं ठीक, असं मात्र समजू नका. जळजळ आणि जखम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक असताना दुसरी नसू शकते, आणि उलटही.

आता भरल्या पोटाबद्दल. गोळी जठरात पडते आणि जिथं पडते तिथं खरवडते, अशी माझी कल्पना होती. थोडं तसंही होतं, पण मुख्य मार रक्तातून येतो. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं, की अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्या भावंडांमुळे शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबतं. (१९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा याच कामासाठी.) हेच प्रोस्टाग्लँडिन सांध्यात सूज आणि ठणका आणतं, आणि हेच जठराच्या आतल्या बुळबुळीत थराची डागडुजी करतं, तिथला रक्तपुरवठा राखतं. एकाच टाकीवरचे दोन नळ. खांद्याकडचा बंद करायला जावं तर पोटाकडचाही आटतो. म्हणून इंजेक्शन घ्या, गुदद्वारातून घ्या, आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाची घ्या, अल्सरचा धोका राहतोच. जेवून घेतल्यानं मळमळ-जळजळ कमी होते, ते करावंच. पण त्यामुळे अल्सर टळला असं मानू नये. मी चारही वर्षं जेवूनच घेत होतो.

यावरचा एक उतारा म्हणजे फक्त दाह-सूजेच्या बाजूचा नळ जास्त बंद करणाऱ्या गोळ्या, सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब वगैरे. जठराला त्या सौम्य पडतात. पण फुकट काही नाही. याच कुटुंबातलं रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं. हृदयाचा, रक्तदाबाचा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टर दहादा विचार करतात, आणि करावाच. मी आता सेलेकॉक्सिब घेतो, जोडीला आम्ल कमी करणारी गोळी. पण ते सांध्याच्या आणि पोटाच्या दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवलं. त्याआधी दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्यानं पाहिलं असेल.

आणि एक. दुर्बीण घातली तेव्हा तुकडा काढून तपासला, त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी सापडला. हा जंतू आधीपासून घरात असेल आणि वर या गोळ्या चालू झाल्या, तर अल्सरची शक्यता बरीच वाढते. अल्सरमागे जंतू असतो हे १९८४ मध्ये कुणी मानेना, तेव्हा बॅरी मार्शल नावाच्या डॉक्टरनं जंतूंचा काढा स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. पुढे २००५ मध्ये रॉबिन वॉरेन यांच्यासोबत नोबेल. इस्पितळात पडल्या पडल्या हे वाचून मला माझ्या अल्सरबद्दल थोडा आदर वाटायला लागला होता. तर ताई, दीड-दोन वर्षांचा मामला असेल तर ही तपासणी एकदा करायची का, ते डॉक्टरांना विचारा. श्वासाची किंवा शौचाची चाचणी असते, दुर्बीण लागतेच असं नाही. फक्त तुमचं ते पँटोप्राझोल त्याआधी दोन आठवडे बंद असावं लागतं, नाहीतर जंतू असूनही नाही असं उत्तर येऊ शकतं.

काउंटरमागून:

मी फार्मासिस्ट. डॉक्टर नाही, त्यामुळे काय घ्या ते सांगणार नाही. जे घेताय ते कसं घेताय, एवढंच बघतो.

एक, पँटोप्राझोल जेवणानंतर घेताय, तिथं अर्धी मजा गेली. जठरातले आम्लाचे पंप जेवताना जोरात चालू होतात, आणि चालू असलेलेच पंप ही गोळी बंद पाडते. म्हणून ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. दुखण्याची गोळी जेवणानंतर. दोघींना एकत्र घोटात घालून उपयोग नाही. शिवाय ही गोळी जठर आणि त्याला लागून असलेला आतड्याचा पहिला भाग सांभाळते. त्याखालच्या लहान आतड्याला डायक्लोफेनॅकनं त्रास झाला तर तिथं तिचा हात पोचत नाही. आणि काही जणांना हीच गोळी जुलाब करते. आठव्या दिवशीचे जुलाब कुणाचे, हे नुसतं बसून ठरवता येणार नाही.

दोन, ‘पॅरासिटामॉलनं काही होत नाही’. असं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो, किती घेतली आणि कधी? ठणका शिगेला पोचल्यावर ५०० ची एक गोळी घेऊन अर्ध्या तासात निकाल लावला असेल, तर ती गोळीची परीक्षा झाली नाही. ठरावीक वेळी, पुरेशा मात्रेत, आणि शक्य तर त्रास सुरू व्हायच्या वेळेआधी घेऊन बघितली का? व्यायामाआधी तासभर, किंवा झोपताना? जठराला ती सर्वात कमी छळते. सूज मात्र ती उतरवत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका. आणि हद्द पाळायची: धडधाकट प्रौढ माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम, त्यापुढे नाही. वजन ५० किलोच्या आत असेल, यकृताचा त्रास असेल, दारू असेल, तर त्याहूनही कमी, आणि ते किती हे डॉक्टर सांगतील. सर्दीच्या गोळीत, अंगदुखीच्या जोडगोळीत, तुमच्या त्या ट्रॅमाडॉलच्या गोळीतसुद्धा पॅरासिटामॉल मिसळलेलं असू शकतं. पाकिटावरचं मोठं नाव वाचू नका, खाली बारीक अक्षरात असतं ते मूळ नाव वाचा. वरच्या गृहस्थांच्या दोन डब्यांची गोष्ट तीच.

तीन, नाजूक पोटवाल्यांचं कुणी बघत नाही ते बघा: गोळीतला भरणा. बऱ्याच गोळ्यांत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं. गोड लागणाऱ्या पातळ औषधांत सॉर्बिटॉल असतं, ते आयबीएसवाल्यांचं पोट फुगवतं आणि ढिलं करतं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या गिळायला सोप्या, पण त्यात सोडियम भरपूर, रक्तदाबवाल्यांनी जपून. तीच औषधं दुसऱ्या कंपनीची घेतली की कधीकधी पोट गप्प बसतं, त्यात जादू काही नाही, भरणा बदललेला असतो.

चार, सावकाश विरघळणारी किंवा आवरणाची गोळी मोडायची, चावायची नाही. बारा तासांचं औषध एका दमात अंगावर येतं.

आता माझा प्रश्न. ताई, याशिवाय आणखी काय चालू आहे? सगळं सांगा. औषध वाटत नाही तेही सांगा.

दुसरी_पाळी:

मध्येच बोलते. वडिलांच्या कर्करोगात दोन वर्षं अफूवर्गातल्या औषधांशी संसार केलाय, ट्रॅमाडॉल त्याच घराण्यातलं. यांच्यामुळे येणारी मळमळ काही दिवसांत बऱ्याचदा ओसरते, बद्धकोष्ठता ओसरत नाही. कारण या औषधाला धरणारे खुंटे मेंदूत आहेत तसे आतड्यातही आहेत, आणि आतड्याला या औषधाची सवय होत नाही. त्यामुळे गोळी सुरू होते त्याच दिवशी रेचकही सुरू, अशी आमच्या नर्सबाईंची शिस्त होती. पाच दिवस वाट बघायचीच नाही. आणि तेव्हा इसबगोलचा मारा करू नका. आतडं हलतच नसताना आत नुसता गोळा वाढवून काय उपयोग? पाणी ओढणारं किंवा आतड्याला हलवणारं औषध वेगळं असतं, ते विचारून घ्या.

खडू_डस्टर:

अरे बाप रे, एवढं सगळं. वहीत उतरवून घेतलं, समासासकट.

काउंटरमागून, तुम्ही विचारलंत म्हणून. रक्तदाब नाही, साखर दोन वर्षांत तपासलेली नाही. एक छोटी गोळी रात्री घेते, एस्सिटॅलोप्राम १० मिलिग्रॅम, चार वर्षं झाली. ती मनाची आहे, हाडांच्या डॉक्टरांकडे तिचा काय संबंध म्हणून मी कागदावर लिहिली नव्हती. खरं सांगायचं तर लिहायला लाजही वाटली. प्रतीक्षागृहात शेजारी विद्यार्थ्याची आई बसली होती.

काउंटरमागून:

ताई, लाज बाजूला ठेवा, कारण सगळं गाठोडं इथंच सुटतंय.

एस्सिटॅलोप्राम आणि ट्रॅमाडॉल दोन्ही सेरोटोनिन नावाचं मेंदूतलं रसायन वाढवतात. एकत्र आले की ते प्रमाणाबाहेर जाऊ शकतं: घाम, थरथर, धडधड, बेचैनी, मळमळ, जुलाब. क्वचित फार गंभीर होतं. त्या रात्री तुम्हाला तेच झालं असं मी इथून म्हणणार नाही, नुसत्या ट्रॅमाडॉलनंही घाम-मळमळ होते. पण तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये घाम आणि थरथर लिहिलंत तेव्हाच माझ्या डोक्यात घंटा वाजली होती. उरलेल्या गोळ्या ‘असू देत अडीनडीला’ म्हणून कपाटात ठेवू नका. डॉक्टरांना ती रात्र जशीच्या तशी सांगा.

दुसरं, एस्सिटॅलोप्रामच्या वर्गातली औषधं रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स या पेशींचा चिकटपणा कमी करतात. त्यावर डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेन आलं की पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता दोघांच्या वेगवेगळ्या शक्यतेपेक्षा जास्त होते. रक्त पातळ करणारी औषधं आणि स्टेरॉइडच्या गोळ्या यांचंही तेच. याचा अर्थ ती गोळी सोडा असा अजिबात नाही. अचानक सोडलीत तर वेगळाच तमाशा. अर्थ एवढाच, की दुखण्याची गोळी निवडताना ती टेबलावर असायला हवी. आम्लाची गोळी बदलायची वेळ आली तर तेव्हाही सांगा. ओमेप्राझोलमुळे एस्सिटॅलोप्रामची रक्तातली पातळी वाढते, पँटोप्राझोलचा तसा उपद्रव फारसा नाही.

आणि साखर तपासा. मधुमेहींचा खांदा जास्त धरतो. थायरॉइडचंही बघायला सांगतात.

बिनधास्त:

मी रक्तदाबाची गोळी घेतो. तिचा काही संबंध?

काउंटरमागून:

आहे. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि त्याच्या औषधाचा परिणाम कमी करतात. तुमच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही असेल तर मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो, उलट्या-जुलाबानं पाणी कमी झालेलं असताना विशेष. आणि डोकं महिन्यातून किती दिवस दुखतं? दहा-पंधरा दिवस गोळी लागत असेल, तर डोकं कधीकधी गोळीमुळेच दुखत असतं.

बिनधास्त:

आता माझं डोकं दुखायला लागलं.

जिन्यावरचा:

ताई, एक राहिलं. शौच डांबरासारखं काळं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी, असं काही झालं तर इथं विचारत बसू नका, सरळ इस्पितळ गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, हे खरं. पण ते तिथं गेल्यावर ठरू दे.

खडू_डस्टर:

अठरा दिवसांनी आले. सांगते.

या वेळी सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून नेली आणि टेबलावर ओतली. डॉक्टरांनी एस्सिटॅलोप्रामचं पाकीट उचलून माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. ट्रॅमाडॉल कायमचं बाद, आणि तसं माझ्या फाइलवर लाल शाईत लिहिलंय. डायक्लोफेनॅकही बंद. पॅरासिटामॉल १ ग्रॅम दिवसातून तीनदा, त्यातली एक मात्रा व्यायामाआधी तासभर आणि एक झोपताना, तीन आठवडे. मला मान्य करावं लागतंय, की आधी मी एक-एक गोळी, तीही रडकुंडीला आल्यावर घेत होते. ठणका गेला नाही, पण त्याचा आवाज कमी झालाय.

साखर तपासली, काठावर निघाली. म्हणजे मधुमेह नाही, पण येऊ घातलाय. खांद्याच्या सांध्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन घेतलं. यामुळे साखर काही दिवस वर जाऊ शकते म्हणून आठवडाभर घरी मोजायला सांगितली होती. गोळीसारखं ते रोज पोटातून जात नाही, हा माझ्या दृष्टीनं त्याचा मोठाच गुण. चौथ्या रात्री मी पहाटे पाचपर्यंत सलग झोपले. उठून घड्याळ बंद पडलंय का ते बघितलं.

हेलिकोबॅक्टरची चाचणी पुढच्या आठवड्यात. पँटोप्राझोल बंद करून दहा दिवस झालेत, अजून चार काढायचे आहेत. जेलबद्दल विचारलं, तर म्हणाले की गुडघा आणि बोटांसारख्या वरवरच्या सांध्यांना ते चांगलं, खांदा फार खोल. मग ते मी अंगठ्याला लावते, खडू धरून तोही दुखतो, आणि तिथं फरक पडतोय.

पोटाचं म्हणाल तर ते आपल्या वीस वर्षांच्या वेळापत्रकावर परत आलंय, तीन दिवस बंद, चौथ्या दिवशी धावपळ. काल चौथा दिवस होता. मुलांना चार आकडी गुणाकार घातला, आणि तो फळ्याच्या वरून दुसऱ्या ओळीत लिहिला.